कालपर्यंत हिरवं होतं

"कालपर्यंत हिरवं होतं," साहेब म्हणाले.

चहावरची साय त्यांनी बोटाने बाजूला केली, बशीच्या कडेला पुसली, आणि केबिनच्या उघड्या दारातून बाहेरच्या भिंतीवरच्या पडद्याकडे बघत राहिले. जणू पडदा त्यांच्या लग्नात जेवून गेला होता आणि आता ओळख दाखवत नव्हता. वाक्य लहान होतं, सूर वरचा नव्हता. कालपर्यंत दूध चांगलं होतं, असं म्हणून माणूस पातेलं पुढे सरकवतो, तितकंच. पण ज्याच्यापुढे ते पातेलं सरकवलं गेलं त्याला छातीत ठेच लागल्यासारखं झालं. ठेच पायाला लागते, छातीला नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने आधी पायाकडे पाहिलं. पाय शाबूत होते. मग राग कुठून वर येतोय ते शोधण्यात त्याचा थोडा वेळ गेला, आणि तेवढ्यात उत्तर द्यायची वेळ टळून गेली. हे नेहमीचंच होतं. त्याचा राग हा उशिरा येणाऱ्या पाहुण्यासारखा होता, सगळे जेवून हात धुताना दारात उभा.

ऑफिसात त्याला सर्व्हरवाला म्हणत. कंपनी लिफ्टची देखभाल करणारी. शहरात कुठेही, कुणीही लिफ्टमध्ये अडकलं आणि त्याने आतलं लाल बटण दाबलं, की ती घंटी या इमारतीत वाजायची आणि घंटीवाल्या ताई कानाला लावलेल्या यंत्रातून म्हणायच्या, "घाबरू नका, मी आहे लाइनवर." मालक स्वतः बैठ्या बंगल्यात राहायचे, ही गोष्ट वेगळी. ती घंटी, त्या लिफ्टांचे पत्ते, कुठला माणूस किती वेळात पोचेल याचा हिशेब, हे सगळं जिथे चालायचं त्या थंड खोलीत पाच मोठी मशिनं होती. मशिनं म्हणजे खरं तर घरं. एकेका लोखंडी घरात पंधरा-वीस लटकी, म्हणजे नुसती सॉफ्टवेअरमधली, मशिनं पोटभाडेकरूसारखी राहायची. प्रत्येकाला वाटायचं, आपण स्वतंत्र, आपली चूल वेगळी. पाचही घरं मिळून एकत्र कुटुंब: एकाला काही झालं तर त्याचे भाडेकरू बाकीच्यांनी पदराखाली घ्यायचे. कागदोपत्री त्यांना लांबलचक नावं होती. सर्व्हरवाला त्यांना थोरला, दुसरा, मधला, चौथा आणि शेंडेफळ म्हणायचा, मनातल्या मनात, कारण मोठ्याने म्हटलं की माणसं आधी हसतात आणि मग सुट्टी घे म्हणतात.

झालं होतं ते एवढंच. बाहेरचा एक ऑडिटर येऊन गेला होता आणि त्याने एक वाक्य लिहून ठेवलं होतं की या पाच मशिनांवर विचारपुशीची सेवा चालू नाही, ती चालू करावी. तिचं खरं नाव एसएनएमपी, पण काम विचारपुशीचंच. भिंतीवरचा पडदा थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक मशिनाला विचारतो, काय रे, कसा आहेस, ताप किती, पंखे फिरताहेत ना. आणि सेवा चालू असेल तर मशीन खरं ते सांगतं. बंद असेल तर गप्प बसतं. काल दुपारभर तो हेच करत होता. एकेकाशी बोलून सेवा सुरू केली, पडद्याने रात्रीपासून कुठला परवलीचा शब्द वापरायचा तो ठरवून दिला, तटबंदीला, म्हणजे फायरवॉलला, फक्त पडद्यापुरती खिडकी उघडली, आणि मशीन कधी बंद होऊन पुन्हा उठलं तर ही सेवा आपली आपण उठावी अशी खूण करून ठेवली. ही शेवटची खूण बरेच जण विसरतात. तो विसरला नाही, आणि विसरला नाही याचा त्याला घरी जाताना बारीकसा आनंदही झाला होता. असल्या आनंदांवरच त्याचं आयुष्य चाललं होतं. सकाळी येऊन पाहतो तर पडद्यावर चौघांचे चौकोन हिरवे आणि मधल्याचा लाल. मधल्याचा एक पंखा बंद, दुसरा कण्हत, अंगात ताप. आणि घंटीचा भाडेकरू नेमका मधल्याच्या घरी.

"सर," अखेर तो म्हणाला, "काल हिरवं होतं कारण काल कुणी विचारलंच नव्हतं."

"पडदा रोज विचारतो."

"विचारतो. पण मशिनं गप्प होती. आणि गप्प म्हणजे हिरवं, असा नियम कुणीतरी त्यात लावून ठेवलाय."

"कुणीतरी नाही," साहेब म्हणाले. "मी."

हे त्यांनी अशा समाधानाने सांगितलं की एखाद्याला वाटावं, गावाला नळ यांनीच आणला. "पडदा नवा होता तेव्हा सगळं लाल दिसायचं. मालक म्हणाले, भिंतीला आग लावून घेतलीत काय. मग मी डोकं चालवलं. जो तक्रार करत नाही तो सुखी. सोपं आहे की नाही? त्याच वर्षी मला ही केबिन मिळाली."

"सर, मधल्याचा पंखा आजचा बंद नाही. धूळ बघून आलो मी त्याच्यावरची."

"मी कुठे म्हणतोय तू बंद केलास? मी म्हणतोय कालपर्यंत हिरवं होतं. तू हात लावलास, लाल झालं. यातलं काय खोटं आहे ते सांग."

यातलं काहीच खोटं नव्हतं. तीच तर गंमत होती. एकेक शब्द खरा आणि सगळे मिळून थाप. त्याच्या कानशिलाशी रक्त टिकटिकायला लागलं आणि त्या टिकटिकीत त्याला एक जुना वास आला, डेटॉलचा आणि ओल्या टॉवेलचा. तो खाटेवर पडला आहे, छताचा पंखा फिरतो आहे, आणि आत्या त्याच्या काखेत काहीतरी थंड, काचेचं सरकवते आहे. आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिच्या पर्समध्ये कंगवा नसायचा पण थर्मामीटर असायचा, निळ्या डबीत, कापसात गुंडाळलेला. त्या घरात तोवर ताप मोजायची पद्धत नव्हती. काका कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, काही नाही, खेळून दमलाय. काकांचा हात स्वतःच इतका गरम असायचा की त्या हाताला वितळलेलं मेणही थंड लागलं असतं. आठवडाभर तो खेळून दमत होता. खेळत नव्हता तरी दमत होता, पण हे कुणाच्या हिशेबात बसलं नाही. मग आत्या आली, चप्पल काढायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं, डबी उघडली, आणि काच उजेडाकडे धरून म्हणाली, "वहिनी, रिक्षा बोलवा." काका म्हणाले, "इतके दिवस पोरगा ठीक होता. तू आलीस आणि ताप घेऊन आलीस." दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते घरात कुणी पुढे नेलं नाही. काका काय म्हणाले तेच पुढे गेलं. लग्नांत, बारशांत, गच्चीवरच्या गप्पांत: आत्या आली, सांभाळा, ताप आणला असेल पर्समध्ये. सगळे हसायचे. ज्याला ताप होता तोही हसायचा, कारण सगळे हसताना एकट्या रोग्याने गंभीर बसणं बरं दिसत नाही. आत्याही हसायची, सगळ्यात शेवटी, आणि पर्स मांडीवर जरा जवळ ओढून घ्यायची. पर्स ओढून घेणारा तो हात त्याला आज, साहेबांच्या टेबलापुढे उभं असताना, पहिल्यांदा दिसला. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता आणि दिसला नव्हता.

"आता ऐक," साहेब म्हणत होते. "दुपारी मालक पाहुण्यांना घेऊन येणार. शंभर बिल्डिंगांचा माणूस आहे. त्याच्या सगळ्या लिफ्टा आपल्याकडे येतील, पडदा बघितला की. तर बाकी चौघांची सेवा चालू राहू दे. ऑडिटरला दाखवायला चार पुष्कळ झाले. मधल्याची तेवढी बंद कर."

"सर, तोच तर आजारी आहे."

"म्हणूनच तर. बऱ्या असलेल्यांची बंद करून काय उपयोग?"

तरी त्याने प्रयत्न केला. म्हणाला की सेवा बंद केली की मधला गप्प होणार, गप्प झाला की नियमाने हिरवा होणार, आणि पडद्यावर लाल नसेल तर स्टोअरवाला नवा पंखा देत नाही. मग एक दिवस मधला अचानक बसेल. भाडेकरू दुसऱ्या घरी उठून उभे राहीपर्यंत घंटी मुकी. तेवढ्या वेळात कुणी लिफ्टमध्ये असलं तर.

"असलं तर असलं," साहेब म्हणाले. "लिफ्ट म्हटली की माणूस असणारच. जेवणाच्या सुट्टीनंतर मला भिंत हिरवी पाहिजे. आणि चेहरा जरा नीट कर, पाहुणे येणारेत."

तो बाहेर आला. चेहरा नीट करण्यासाठी जिन्यातल्या आरशात पाहिलं, तर चेहरा नीटच होता. त्याचं हेच वैतागवाणं होतं. आत भट्टी आणि बाहेर पोस्टाच्या पेटीसारखा चेहरा. माणसांच्या अंगातही एखादी खिडकी उघडून ठेवावी, परवलीचा शब्द सांगेल त्याला आतलं दिसावं. पण मग घरोघरी साहेब असतात, ते म्हणतील याची तेवढी बंद करा. त्याला आठवलं, सकाळी बसमध्ये फोनवर थोरल्या भावाचा निरोप आला होता, घरच्यांच्या ग्रुपवर. 'आत्याचा बरेच दिवसांत काही निरोप नाही, म्हणजे ठीक असणार.' खाली वहिनीने अंगठा लावला होता, चुलतभावाने अंगठा लावला होता, आणि त्यानेही, एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने, अंगठा लावला होता. ऑफिसच्या जिन्यात उभा असताना त्याला तो अंगठा आठवला आणि त्याच्या लक्षात आलं की तोही एक हिरवा चौकोनच होता. साहेबांवरचा राग क्षणभर वाट चुकला आणि त्याच्याच घरात शिरला. त्याने त्याला बसायला सांगितलं नाही, पण हाकललंही नाही.

घंटीवाल्या ताई डबा उघडून बसल्या होत्या. एका कानाला यंत्र, दुसरा कान ऑफिसच्या बातम्यांना मोकळा. "आले डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तो लाल चौकोन घालव रे बाबा. समोरच येतो माझ्या. सकाळपासून डोळ्यांत खुपतोय."

"ताई, तुमची घंटी त्याच्याच घरात राहते."

"राहू दे की. आज वाजतेय ना."

"उद्या वाजली नाही तर?"

"वाजली नाही तर मला कसं कळणार वाजली नाही ते?" त्या म्हणाल्या आणि घास घेतला. मग घास तोंडात तसाच राहिला, कारण स्वतःचं वाक्य त्यांच्या कानात उलट फिरून आलं असावं. तेवढ्यात खरोखरच घंटी वाजली. ताईंनी पाणी पिऊन घास उतरवला आणि आवाज बदलला; त्या आवाजासाठी त्यांना नोकरी होती. "बोला. घाबरू नका, मी आहे लाइनवर. हो. हो. कुठल्या दोन मजल्यांच्या मध्ये? नाही, सावकाश नाही, लगेचच येतोय माणूस." त्यांनी हाताने बोलण्याच्या भागावर झाकण केलं. "म्हणतोय, घाई नाही, मी मजेत आहे. सगळे आधी हेच म्हणतात. मग रडतात." आणि झाकण काढून पुन्हा त्याच मऊ आवाजात, "आहे मी. बोलत राहा. काय काम करता आपण?"

तो उभ्या उभ्या ऐकत राहिला. लोखंडी पेटीत, दोन मजल्यांच्या मध्ये, एक न दिसणारा माणूस आपण काय काम करतो ते सांगत होता, आणि त्याचं ते सांगणं एका मोडक्या पंख्याच्या भरवशावर इथवर येत होतं. हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. साहेबांना ठाऊक होतं आणि त्यांना भिंत हिरवी पाहिजे होती. सर्व्हरवाल्याला एकाएकी अगदी स्वस्थ वाटलं. राग अखेर वेळेवर येऊन पोचला होता आणि, आश्चर्य म्हणजे, आरडाओरडा न करता खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला होता.

त्याने आधी मधल्याचे भाडेकरू हलवले. जिवंतपणी हलवले तर कुणाला कळत नाही, हीच या एकत्र कुटुंबाची खुबी. मेल्यावर हलवले तरच रडारड होते. एकेक लटकं मशीन, घंटीसकट, उठून दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलं आणि ताईंच्या कानातला माणूस बोलतच राहिला. अर्थात चार घरांत पाच घरांचा पसारा. हे पाहुणचारापुरतं ठीक, कायमचं नाही. पंखा हवाच होता. मग त्याने पडद्याचा तो नियम काढला. गप्प म्हणजे हिरवं. त्याच्या जागी काय लिहायचं याचा त्याने विचार केला. रंग दोनच होते. तिसरा रंग घ्यावा असं कंपनीला वाटलं नव्हतं. म्हणून त्याने लिहिलं, गप्प म्हणजे लाल. आणि मग, साहेबांचा हुकूम तंतोतंत पाळायचा म्हणून, मधल्याची सेवा बंद केली. आता मधला गप्प राहील आणि म्हणून लाल राहील. एक चौकोन. त्याची एवढीच अपेक्षा होती.

पण पडदा पुढच्या फेरीला निघाला तेव्हा त्याने एकट्या मधल्यालाच नाही, सगळ्यांनाच विचारलं, आणि नियम सगळ्यांनाच लागू होता. आधी कोपऱ्यातला प्रिंटर लाल झाला. मग तिसऱ्या मजल्यावरचा नेटवर्कच्या जाळ्याचा डबा. वीज गेल्यावर आधार देणाऱ्या बॅटऱ्या, दाराचा कॅमेरा, मागच्या खोलीतलं कुलूप, आणि मग लिफ्टांचे चौकोन, एकामागून एक, रांगेने, एखाद्या थाळीवर कुंकू सांडत जावं तसे. कधी कुणी न विचारलेलं, कधीच न बोललेलं, ज्याच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं असं सगळं. हिरवे उरले ते चौघे भाऊ, जे खरोखर बोलत होते, आणि इथेतिथे एखाददुसरं. तोही बघतच राहिला. त्याला एक खोटं उघडं पाडायचं होतं, भिंतच निघाली.

"अगं बाई," ताई म्हणाल्या, अगदी हळू, कारण लाइनवर अजून माणूस होता.

साहेब धावत आले, पण त्यांच्या मागोमाग लिफ्टचं दार उघडलं आणि मालक पाहुण्यांसह आत आले. शंभर बिल्डिंगांचा माणूस बुटका होता आणि त्याच्या हातात टोपी होती. तो भिंतीपुढे उभा राहिला. लाल उजेड त्याच्या टकलावर पडला होता.

"फारच झगमगीत," तो म्हणाला. "लाल म्हणजे काय?"

मालकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सर्व्हरवाल्याकडे पाहिलं. त्या नजरेत नोकरी होती, केबिन होती, आणि थोडीशी याचनाही होती.

"लाल म्हणजे बिघडलंय असं नाही, सर," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्याला तो जरा आत्याच्या अंगाने गेल्यासारखा वाटला. "लाल म्हणजे आम्हाला ठाऊक नाही. विचारलेलं नाही कधी. आणि हा इथला एक मात्र खरंच आजारी आहे, त्याला पंखा हवाय."

"म्हणजे हे आजच झालं?"

"नाही नाही," साहेब घाईघाईने पुढे झाले, मदतीला. "कालपर्यंत हिरवं होतं."

बुटक्या माणसाने भिंतीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग ज्या लिफ्टने वर आला होता तिच्या दाराकडे पाहिलं. टोपी डोक्यावर घातली. "असं का," म्हणाला. "जिना कुठल्या बाजूला आहे?"

मालक त्याच्या मागे जिना उतरत गेले. इतके मजले मालक पायी उतरले असं त्या इमारतीने पूर्वी पाहिलं नव्हतं. मग साहेब ताईंच्या टेबलाशी गेले, पंख्याच्या मागणीवर सही केली आणि कागद त्याच्याकडे न बघता सरकवला. "उद्या केबिनमध्ये ये," म्हणाले. "तुझं बघतो." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बंद दाराआड ते कसे होते हे कळायला मार्ग नव्हता. नियमाप्रमाणे लालच धरायला हवं होतं.

"सुटला माझा माणूस," ताई यंत्र काढत म्हणाल्या. "रडलाच नाही, बघ. शिंपी आहे, म्हणतो." आणि भिंतीकडे हनुवटीने खूण करून, "हे सगळं आता तूच विचारत बसणार?"

"विचारावं लागेल."

"बस मग."

तो जिन्यावर गेला. पायऱ्यांवर उन्हाचे चौकोन पडले होते आणि खालून, खूप खालून, कुणाची तरी पावलं अजून उतरत होती. राग ओसरला नव्हता. तो तसाच होता, पण आता त्याला कुठे बसायचं ते कळलं होतं. उद्याच्या केबिनचा विचार त्याने उद्यावर टाकला आणि फोन काढला. ग्रुपवर अंगठ्यांची रांग वाढली होती. त्याने आपला अंगठा काढून घेतला, मग नंबर लावला. घंटी खूप वेळ वाजली. एवढा वेळ की, वाजली नाही तर मला कसं कळणार, हे ताईंचं वाक्य त्याच्या मानेवरून थंड पाण्यासारखं उतरलं.

"कोण?" आत्या म्हणाली. आवाज जाड होता, पांघरुणाखालचा.

"मी. सहज केला. म्हटलं विचारावं, कशी आहेस."

पलीकडे खाट कुरकुरली. एक खण ओढल्याचा आवाज आला, त्यात चमचे किंवा किल्ल्या खळखळल्या.

"असं न बघता कसं सांगू?" आत्या म्हणाली. "ठेवू नकोस फोन. थांब, डबी शोधते."

"थांबतो," तो म्हणाला. "मी आहे लाइनवर."